फ्रेंच गाडीची उठबस

आमच्या शेडमध्ये एक फ्रेंच गाडी बसलेली होती. उभी नव्हती, बसलेली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सारं रामायण त्या बसण्यातूनच झालं. बाकीच्या गाड्या बंद केल्या की उभ्या राहतात. ही बाई इंजिन बंद केलं की एक सुस्कारा सोडायची आणि हळूहळू पोट जमिनीला टेकवायची. चालू केली की आधी मागून उठायची, मग पुढून, गाय उठते तशी. तिला स्प्रिंगाच नव्हत्या. तेल आणि गॅसच्या दाबावर सगळा डोलारा. ब्रेकच्या जागी पायडल नव्हतं, लिंबाएवढा एक रबरी गोळा होता. त्यावर पाय पडला रे पडला की माणूस काचेवर. स्टिअरिंगला दांडी एकच, तीही डावीकडच्या सीटपुढे. वळताना हेडलाइटचे डोळेसुद्धा वळायचे. बनवणाऱ्यानं काय खाऊन बनवली होती कोण जाणे! पण एका जमान्यात फ्रान्सचे बडे बडे लोक हिच्यातून फिरायचे म्हणे. आमच्याकडे ती आर्णी रोडवरच्या एका गावात, जुन्या गोठ्याच्या शेडमध्ये, कडब्याच्या बाजूला येऊन बसली.

माझे थोरले भाऊ, म्हणजे दादा, पुण्याला एका कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांनी पाँडिचेरीच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाकडून ती हौसेनं घेतली. सोसायटीत ठेवायला जागा मिळेना, शेजारी भांडायला उठले. एक दिवस मला फोन. ‘तुझी शेड रिकामीच असते ना आता? दोन-तीन महिने ठेवून घे.’ बैल विकून टाकले होते, शेड रिकामी होती, खोटं कसं बोलू? ट्रकवरून गाडी आली. तेव्हा माझी मुलगी बारावीला होती. ती पुढं बी.एड. झाली, लग्न होऊन दारव्ह्याला गेली, पण दादांचे दोन-तीन महिने काही संपले नाहीत. मधल्या काळात कागदपत्रांच्या सोयीसाठी गाडी माझ्या नावावर झाली. म्हणजे मालक मी. पण कागदावरच्या मालकाला कोण विचारते?

दादा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले, तेव्हापासून घरात शब्द त्यांचा. मला मारलं कधी नाही, ओरडलेही नाहीत. नुसतं ‘असं करू’ म्हणायचे, आणि तसं व्हायचं. माझी पन्नाशी उलटली तरी त्यांचा फोन आला की मी बाजेवरून उठून उभा राहतो. बायको हसते. म्हणते, ‘बसा ना बावा, त्याईले काय दिसून राह्यलं?’

पण रविवारी दिसायचं. दर रविवारी सकाळी चहा झाला की दादांचा व्हिडिओ कॉल. मी शेडमध्ये फोन धरून गाडी चालू करायचो. गाडी उठायची. दादा पाहायचे. मग म्हणायचे, ‘मागचं डावं चाक जरा उशिरा उठलं का रे?’ मी म्हणायचो, ‘थोडंसं.’ मग काय करायचं ते ते सांगायचे आणि पुढचा आठवडा मी ते करायचो. फवारणी असो, कापूस वेचणीला बाया असोत, आधी डावं चाक.

किती काय केलं त्या गाडीचं! उंदरांनी वायरी कुरतडल्या, त्या बदलल्या. बुडाचा पत्रा सडला होता, तो आर्णीच्या वेल्डरकडून ठिगळं लावून घेतला. दादा पुण्याहून रबरी वायसर, पितळी नळ्या, हिरव्या तेलाचे डबे पाठवायचे. ते तेल खास त्याच गाडीचं. सीटांचा आतला फोम तर भुगा झाला होता. गाद्या भरणाऱ्याला बोलावला आणि घरचाच कापूस भरला. फ्रान्सच्या सीटांत आमच्या वावरातला कापूस! दादांना सांगितलं तेव्हा ते एवढे हसले, एवढे हसले की मला वाटलं, चला, केल्याचं सार्थक झालं.

मग मला ती आवडायची का? अहो, रोज अंघोळ घातलेलं जनावर आवडणार नाही का थोडंफार? एखाद्या सकाळी दार उघडलं आणि ऊन तिच्या बोनेटवर पडलं की मी दोन मिनिटं पाहत राहायचो. पण ते पाहणं वेगळं आणि गळ्यात पडणं वेगळं. रविवारच्या लग्नाला जायचं म्हटलं की माझी पंचाईत. साळ्याच्या पोराचं लग्न मारेगावला होतं, तर मी अक्षता पडायच्या आधी मंडपामागं जाऊन दादांना सांगत होतो की आज गाडी चालू करता येणार नाही. दादा ‘हरकत नाही’ म्हणाले. ते ‘हरकत नाही’ मला दिवसभर पचलं नाही. गावात माझं नावच ‘बसकी गाडीवाले’ पडलं. एका पोळ्याला शेजाऱ्यांनी गाडीला बैलाची झूल घातली, घुंगरू बांधले. सगळं गाव हसलं. मीही हसलो. घरी येऊन मात्र असा संताप झाला की जेवलोच नाही.

अशात बायकोच्या बचत गटाला मिनी डाळ मिल मंजूर झाली. ती गटाची अध्यक्ष. आमच्या भागात घरोघरी तूर, पण तूर विकायची बाहेर आणि डाळ आणायची दुकानातून. या बाया कितीक वर्षांपासून म्हणत होत्या, आपली डाळ आपण करू. मशीन आली. पण तिला पक्की फरशी पाहिजे आणि थ्री फेजची लाइन पाहिजे. गावात ही दोन्ही एकाच ठिकाणी, आमच्या शेडमध्ये. तिथं कोण बसलं होतं ते सांगितलंच.

मशीन अंगणात कडुलिंबाच्या झाडाखाली ताडपत्रीत राहिली. तूर सोंगून झाली, खळ्यावर आली, मळून पोत्यात गेली. गटातल्या बाया रोज संध्याकाळी यायच्या, ताडपत्री उचलून मशीन पाहायच्या आणि माझ्याकडे न बघता निघून जायच्या. मग तालुक्याहून निरोप आला. साहेब येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी पाहायला येणार. मशीन बसवलेली दिसली नाही तर ती नेरच्या गटाला जाईल, ते लोक जागा घेऊन तयारच बसले आहेत.

‘भाऊजीले सांगा,’ बायको म्हणाली. ‘एक वाक्य तं हाये. गाडी घेऊन जा, आमाले शेड पाह्यजे. एवढं नाई बोलता येत?’

नाही येत. काय सांगू? पुढच्या रविवारी मी बोलायला घेतलं. म्हटलं, ‘दादा, ती शेड...’

‘तुझी शेड आहे म्हणून गाडी जिवंत आहे रे,’ दादा म्हणाले. ‘नाहीतर केव्हाच भंगारात गेली असती. खरंच सांगतो, तुझी वहिनी गेल्यापासून रविवार कधी येतो असं होतं मला.’

मी म्हटलं, ‘शेडचे पत्रे बदलून घेतो, असं म्हणत होतो.’ बायको दाराशी उभी होती. तिनं सारं ऐकलं. आत जाऊन भांडी अशी घासली की आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. मी तिथंच शेडमध्ये गाडीच्या सीटवर बसून राहिलो. समोर दादा, मागं बायको, आणि मी मधात. वाटत होतं, पळून जावं कुठं तरी. पण जाणार कुठं? आणि पुन्हा रविवारी परत यावंच लागलं असतं.

रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, ‘सांगाचं नसन तं नोका सांगू. पण सोमवारच्या आंधी गाडी बाहेर काढा. बस.’

मग मी शक्कल काढली. गाडी गुपचूप बाहेर अंगणात आणायची, ताडपत्रीत ठेवायची आणि रविवारी फोन जवळ धरून ती दाखवायची, म्हणजे मागचं काही दिसणार नाही. शेडचं दार बैलांसाठी केलेलं, बुटकं. मी स्वतः वाकून आत जातो. गाडी आत घेतली तेव्हा ती खाली बसलेली होती म्हणून दारावरच्या बीमखालून चार बोटं जागा ठेवून सरकली. सीटजवळच्या दांड्यानं उंची कमी ठेवून तशीच बाहेर काढायची होती. एकट्यानं गुपचूप रेटून ती निघणार नव्हती, पण चालवायची म्हणजे तेल पाहिजे, आणि तेलाची पातळी खाली गेलेली. हिरवा डबा रिकामा. दादांना मागावं तर ते विचारणार, का रे, एवढं कुठं गेलं? आता इथं आम्ही जी अक्कल चालवली ती आमच्याकडचाच माणूस चालवू शकतो. आमच्या भागात जे काही वर उचलते, ट्रॅक्टरची ट्रॉली म्हणा, नांगराची लिफ्ट म्हणा, त्यात एकच तेल पडते. शेजारचा ट्रॅक्टरवाला म्हणाला, ‘हे बी उचलतेच ना? मंग झालं!’ मलाही पटलं. ट्रॅक्टरचं हायड्रोलिक तेल ओतलं.

गाडी चालू केली. मागून उठली, पुढून उठली, आणि उठतच राहिली. नेहमीच्या उंचीवर थांबायची ती थांबेना. पार टोकाला जाऊन ताठ उभी राहिली, चाकांच्या वर हातभर मोकळी जागा. सीटजवळचा दांडा खाली ओढला, काही नाही. इंजिन बंद केलं, सुस्कारा नाही. इतकी वर्षं जी बसायची ती आता बसेना! कुठला तरी व्हॉल्व्ह जाड तेलानं गच्च झाला होता. आणि आता तिचा टप बीमच्या वर वीतभर. गाडी आत अडकली, शेड गाडीत अडकली. बीम तोडावी तर वरचे पत्रे खाली येणार, मग मशीन ठेवायला शेडच राहणार नाही. मी डोक्याला हात लावून खाली बसलो. ट्रॅक्टरवाल्याला तेवढ्यात वावरात काम निघालं.

संध्याकाळी गटाच्या सात-आठ जणी आल्या. बायकोनं त्यांना काय सांगितलं माहीत नाही, पण त्यांनी ठरवलं की वजन टाकून गाडी बसवायची. पदर खोचून साऱ्या आत शिरल्या. चौघी मागं, तिघी पुढं, एक डिक्कीत. गाडी बोटभरही हलली नाही. डिक्कीतली म्हणाली, ‘हे तं आपल्या सरपंचावानी हाये, किती बी बसा, दबत नाई!’ पुढची म्हणाली, ‘आता बसलोच हावो तं यवतमाळले तरी घेऊन चला भाऊ.’ हसता हसता पुरेवाट झाली. सीटांचा मऊपणा सगळ्यांना आवडला. मग एक म्हातारी उतरता उतरता म्हणाली, ‘नेरवाल्या बायाईचं नशीब चांगलं दिसते.’ त्यावर कोणी हसलं नाही. बायको तोंड फिरवून लिंबाखाली गेली आणि ताडपत्रीची दोरी उगाच आवळत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पाहिलं.

रविवार उजाडला. एकच उपाय उरला होता. गाडीखाली जाऊन दाबाची नळी ढिली करायची. तेल निघून जाईल, गाडी बसेल, आणि मग दुरुस्तीशिवाय पुन्हा उठणार नाही. दादांचा फोन यायच्या आत उरकून टाकू, मग काय सांगायचं ते पाहू, असा माझा हिशेब. चारी बाजूंनी बाभळीचे ओंडके लावले, म्हणजे गाडी आली तर ओंडक्यांवर येईल. मी पान्हा घेऊन खाली सरकलो. आटा सैल केला. दोन थेंब आले. आणखी थोडा फिरवला, आणि फस्सकन तेलाची पिचकारी थेट तोंडावर! डोळे मिटले तेवढ्यात गाडी खाली आली.

ओंडक्यांवरच आली. पण ओंडके मी स्वतःचं पोट न धरता मोजले होते. छातीवर लोखंड टेकलं. लागलं नाही, पण हलता येईना. एका बाजूला मान वळलेली, हात कोपरापासून दबलेला, श्वास अर्धाच येत होता. मी ओरडलो, तर आवाज शेळीच्या करडासारखा निघाला. बायको धावत आली, वाकली, पाहिलं, आणि बाहेर जाऊन गल्लीतल्या बायांना हाका मारू लागली. तेवढ्यात फोन वाजला.

तिनं उचलला. ‘भाऊजी, ते गाडीखाली हायेत.’

‘वा! काय काम काढलं आज?’

‘काम नाई. अडकले.’ आणि तिनं फोन सरळ फरशीवर माझ्या तोंडापुढं सरकवला. बायका म्हणजे बायका! स्क्रीनवर दादा. चष्मा कपाळावर, हातात कप.

‘काय रे? लागलं का? काय झालं?’

जीव घाबरला होता, तोंडात तेलाची कडू चव होती, आणि पूर्ण वाक्याएवढा श्वास छातीत मावत नव्हता. नाहीतर मी नक्कीच काहीतरी पत्र्यांबिऱ्यांचं बोललो असतो. म्हटलं, ‘दादा. गाडी नको.’

‘काय?’

‘मले नको. शेड पाह्यजे. हिची मशीन ठेवाची हाये. उद्या साहेब येते.’ पुन्हा श्वास घेतला. ‘मले कधीच नको होती.’

कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मी डोळे मिटून घेतले. आता काय ऐकावं लागते, असं झालं. इतकी वर्षं ज्याला भ्यालो ते हेच होतं, ही शांतता. आणि मग दादा ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले, तेही पुण्याची भाषा सोडून.

‘अबे, मंग सांगाचं नाई का मले! मी त् तुह्यासाठी ठेवली ना बे! तीनदा गिऱ्हाईक आणलं, तीनदा तुले इचारलं, इकू का. तू म्हनला, कायले इकता, मस्त हाये. मी म्हटलं, याचा जीव गुतला हिच्यात. राहू दे. दर रविवारी आंग दुखत असलं तरी उठतो, फोन लावतो, तुले बरं वाटते म्हनून!’

विचारलं होतं. खरं आहे. आणि मी मस्त आहे म्हटलं होतं. त्यांच्या तोंडावर दुसरं काय म्हणणार होतो? मला हसू यायला लागलं आणि हसलं की बरगड्या लोखंडाला घासत होत्या. त्याच वेळी असा राग आला की गाडी उचलून फेकावी. कोणाचा राग ते मात्र समजेना.

वरून बायकोचा आवाज आला. ‘धन्य हाये बापा तुमी दोघं भाऊ! तुमच्या दोघाईच्या लाजेपायी आमची मशीन झाडाखाली!’

दादा म्हणाले, ‘चूक झाली वं. आंधी त्याले काढ.’

गटाच्या बाया पहारी घेऊन आल्या. एका बाजूनं चौघींनी पहारी लावल्या, ‘हं, एक, दोन’ म्हणत रेटा दिला, आणि बायकोनं मला पायाला धरून पोत्यासारखं ओढलं. मी बाहेर आलो, तोंड तेलानं माखलेलं. तिनं पदरानं माझे डोळे पुसले, छातीवर हात फिरवून पाहिलं, मोडलं नाही याची खात्री केली, आणि लगेच बीमकडे पाहून विचारलं, ‘आता निघन का हे दारातून?’

निघाली. ओंडके काढले, बसलेली गाडी सगळ्यांनी मिळून रेटली. फरशीवर पोट घासत, कुरकुरत, ती चार बोटं जागा ठेवून बीमखालून सरकली आणि अंगणात येऊन थांबली. मग मशीन आत गेली. आर्णीहून वायरमन आला, दुपारपर्यंत लाइन जोडली. बायकोनं नारळ फोडला, सूपभर तूर टाकली आणि बटण दाबलं. शेड अशी थरथरली की पत्र्यावरची कबुतरं उडाली. पिवळी धमक डाळ पडू लागली तशी साऱ्या जणी एकदम बोलायला लागल्या. कोण काय बोलते, काही ऐकू येत नव्हतं. बायको ओंजळीत डाळ घेऊन उभी होती. इतकं मोकळं हसताना मी तिला पोरीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

या सगळ्यात फोन चालूच होता. कोणीतरी तो खिडकीच्या गजाला टेकवून ठेवला होता. मी उचलला तर दादा होते तिथंच, तसेच बसलेले. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

‘चांगली डाळ पडून राह्यली,’ ते म्हणाले.

‘हो.’

‘गाडीचं पाहू. कोणी घेतली त् घेतली.’

‘हो.’

मशीनचा आवाज फार होता म्हणून मी बाहेर आलो, गाडीपासून लांब, रस्त्याच्या कडेला. आता मोकळं वाटायला पाहिजे होतं. वाटतही होतं. दादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग विचारलं, ‘मंग आता आपन रविवारी बोलाचं काय बे?’

इतक्या वर्षांत आम्ही दोघं चाक, नळी, तेल याच्याशिवाय काही बोललोच नव्हतो. त्यांचा गुडघा दुखतो का, ते रात्री काय जेवतात, वहिनीशिवाय ते घर कसं लागते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं, आणि आता विचारायला तोंड उघडलं तर पहिला शब्दच सापडेना. त्यांनाही सापडत नव्हता. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. फोन मात्र दोघांपैकी कोणीच बंद केला नाही.